दशकाचा गठ्ठा

प्राथमिक शाळेच्या पहिली-दुसरीच्या वर्गात गणिताच्या तासाला नेमके काय चालते, असे एखाद्या सुशिक्षित पालकास विचारले, तर तो बहुधा पाढ्यांचे पाठांतर, फळ्यावरची बेरीज-वजाबाकी आणि लाल शाईच्या खुणा एवढ्यांचाच उल्लेख करील. आणि त्यात त्याचा दोष आहे असेही नाही, कारण दप्तरातून घरी येते ती वहीच, आणि वहीत जे उतरत नाही त्याचा दाखला पालकापर्यंत पोहोचविण्याची तजवीज आपल्या शिक्षणव्यवस्थेने फारशी केलेली नाही. वस्तुतः या इयत्तांतील गणिताचा मोठा भाग वहीबाहेर, म्हणजे फरशीवर पसरलेल्या काड्या, चिंचोके, मण्यांच्या माळा आणि खेळातल्या नोटा यांच्या सान्निध्यात घडतो, किंवा घडावयास हवा. आणि ज्या दिवशी वही कोरी राहिली, नेमकी त्याच दिवशी मुलाच्या मनात दशकाची कल्पना प्रथम रुजली, असे पुष्कळदा होते.

दशक ही गोष्ट आपणां प्रौढांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तीत शिकण्यासारखे काही आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहू गेल्यास बारा चिंचोके म्हणजे ओळीने मांडलेले बारा चिंचोके. त्यांत कोठे ‘एक’ दिसत नाही की ‘दोन’ दिसत नाही. कालपर्यंत एकाच चिंचोक्याचा वाचक असलेला १ हा आकडा, केवळ डाव्या बाजूस सरकून बसला म्हणून, आज अकस्मात दहांचा मुखत्यार कसा झाला, हे कोडे त्याला पडले नाही तरच नवल. स्थानावरून आकड्याची किंमत ठरविण्याची ही युक्ती मनुष्यजातीला सुचण्यास फार काळ लागला. रोमन लोकांनी केवढे साम्राज्य चालविले, पण त्यांच्या संख्यालेखनात ती नव्हती. ती भारतात सिद्ध झाली याचा सार्थ अभिमान आपण बाळगतो, आणि आपल्या मुलाला मात्र ती पंधरवड्यात यावी अशी अपेक्षाही त्याच अभिमानाने बाळगतो.

ज्या वर्गात बाई किंवा गुरुजी हा विषय जाणून शिकवितात, तेथे आरंभ फळ्यापासून होत नाही. खराट्याचे हीर, तुरीच्या काटक्या किंवा आइसकांडीच्या पट्ट्या यांचा ढीग मुलांपुढे टाकला जातो आणि ‘किती आहेत सांगा’ एवढेच सांगितले जाते. मुले मोजू लागतात, मध्येच कोणी बोलावले की चुकतात, पुन्हा पहिल्यापासून मोजतात, दोघांची उत्तरे जुळत नाहीत, भांडण होते. आणि हे सारे होऊ देण्याइतका धीर ज्या शिक्षकापाशी असतो त्याच्याच वर्गात ‘दहा-दहा बांधून ठेवू या का?’ ही सूचना मुलांकडून येते. मग रबर निघतात. दहा भरल्या की गठ्ठा. नऊ असतील तर त्या सुट्ट्याच राहतील, हा नियम ठरतो. तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या म्हणजे बत्तीस, हे मूल प्रथम हाताने जाणते, त्यानंतर तोंडाने म्हणते आणि सर्वांत शेवटी पाटीवर लिहिते. हात, तोंड आणि पाटी हा क्रम पुस्तकी शिष्टाचार म्हणून सांगितलेला नाही. तो उलटा केल्यास काय होते ते वजाबाकीच्या वेळी उघड होते.

बत्तिसातून सतरा वजा करावयाचे आहेत. पाटीवरून आरंभ केलेले मूल एककाच्या घरात २ आणि ७ पाहते, मोठ्यातून लहान जातो एवढे त्याने ऐकलेले असते, म्हणून सातातून दोन काढून पाच लिहिते, तिनातून एक काढून दोन लिहिते, आणि २५ हे उत्तर निःशंक मनाने दाखविते. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. तिच्यामागे तर्क आहे, फक्त तो आकड्यांविषयीचा आहे, काड्यांविषयीचा नाही. हेच मूल फरशीवर बसले असेल तर ती चूक त्याला करताच येत नाही, कारण त्याच्या हातात सुट्ट्या काड्या दोनच असतात आणि मागणी सातांची असते. ते क्षणभर थबकते, बाईंकडे पाहते, आणि बाई काही बोलत नाहीत असे दिसल्यावर एक गठ्ठा सोडते. बारा सुट्ट्यांतून सात गेल्या, पाच उरल्या, दोन गठ्ठ्यांतून एक गेला, एक उरला, पंधरा. पुढे पाटीवर तिनाला छेद देऊन वर २ लिहिण्याचा जो शिरस्ता आहे, तो या सोडलेल्या रबराचा लेखी नोंदवजा सारांश होय. ज्याने रबर सोडले नाही त्याच्या लेखी तो एक गूढ विधी राहतो, आणि असे विधी परीक्षेपुरते टिकतात.

काही मुले आणखी निराळ्या वाटेने जातात. ती प्रथम सबंध गठ्ठा बाजूला काढून बावीस म्हणतात आणि मग बाविसातून सात मोजून काढतात. डावीकडून चालणारी ही रीत कडक शिस्तीच्या शिक्षकास खपत नाही. तथापि भाजीवाली बाई जेव्हा तोंडी हिशेब करते तेव्हा ती बहुधा याच वाटेने जाते, आणि तिचा हिशेब चुकल्याचे फारसे कोणाच्या ऐकिवात नाही. माझ्या मते अशा मुलाला त्याची रीत वर्गापुढे सांगावयास लावणे हे दहा उदाहरणे सोडवून घेण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

हातापासून पाटीपर्यंतच्या या प्रवासात खरी अडचण उभी राहते ती मधल्या मुक्कामावर, म्हणजे तोंडात. मराठीत संख्या उच्चारताना एकक आधी येतो आणि दशक मागाहून. लिहिताना मात्र दशक आधी आणि एकक नंतर. ‘त्रेपन्न’ असे ऐकलेले मूल प्रथम कानी पडलेला तीन प्रथम लिहिते आणि मग पाच, म्हणजे ३५; आणि ‘पस्तीस’ ऐकले की ५३. ‘छत्तीस’ सांगावे तर ६३ लिहिले जाते, आणि मग एरवी एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले ते दोन आकडे मुलाच्या पाटीवर समोरासमोर येऊन सलोखा करतात. त्याहून बिकट प्रकार ‘एकोण’चा: एकोणतीस या शब्दात तीस ऐकू येतात, वास्तविक तेथे दशक दोनच असतात, म्हणून २९ ऐवजी ३९ लिहिणारी मुले दर वर्गात भेटतात. शिवाय दोनाचे बावीस, बत्तीस आणि बेचाळीस यांत रूप पालटते, पन्नासाचा कधी ‘वन्न’ होतो, कधी ‘पन्न’. त्यामुळे शंभरापर्यंतची नावे म्हणजे जवळजवळ शंभर स्वतंत्र शब्द होऊन बसतात. सोलापूर-बेळगावकडील ज्या मुलांच्या घरी कन्नड बोलले जाते त्यांना ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे आधी वीस आणि मग एक असा सरळ मार्ग ठाऊक असतो, आणि मराठी शाळेत पाऊल टाकताच तो मार्ग उलटा होतो.

या अडचणीची जाहीर वाच्यता २०१९ च्या जूनमध्ये झाली. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन सुचविले गेले, आणि महाराष्ट्रात एकच गहजब उडाला. वर्तमानपत्रांतून भाषेच्या ऱ्हासाची भाकिते झाली, विधिमंडळात थट्टा झाली, आणि गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर, यांना ही सोय मुलांना संख्या समजण्यासाठी आहे हे पुनःपुन्हा सांगावे लागले. त्या वादात उतरलेल्यांपैकी किती जणांनी पहिलीच्या मुलाची पाटी पाहिली होती, याविषयी मला शंका आहे. गठ्ठे हातात असताना मूल आपण होऊन ‘तीन दहा आणि दोन’ असे म्हणतेच. त्याला ‘तीस दोन’ म्हणू देणे आणि लगोलग ‘म्हणजे बत्तीस’ अशी पुस्ती जोडणे यात भाषेचा कोणता घात होतो ते कळत नाही. दुसऱ्या बाजूला हेही नमूद केले पाहिजे की जुनी नावे सोडून देण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. बाजारात ‘अठ्ठेचाळीस रुपये’ ऐकल्यावर ‘म्हणजे किती?’ असे आईला विचारणारी इंग्रजी माध्यमातील मुले आज शहरोशहरी दिसतात. तेव्हा पायरी म्हणून नवे वाचन असावे आणि मजल्यावर पोहोचल्यावर जुने नाव ठाम असावे, असा माझा कौल आहे.

येथे पूर्वीच्या पंतोजींची आठवण होणे स्वाभाविक आहे. धुळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या त्या शाळांत केवळ दोन ते तिसाचे पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची पलटण पाठ करून घेतली जाई. यास निव्वळ घोकंपट्टी म्हणून हिणविण्याची आज प्रथा आहे, पण तो काळ सोळा आण्यांच्या रुपयाचा आणि चाळीस शेरांच्या मणाचा होता. अडीच आणे शेर भावाने सात शेर घेतले तर ज्याला अडीचकी येते तो ‘साडेसतरा’ म्हणून एक रुपया दीड आणा तत्काळ मोजून देई, आणि ज्याला येत नाही तो सावकाराच्या वहीवर अंगठा उठवी. १ एप्रिल १९५७ रोजी रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, पाठोपाठ मेट्रिक वजनेमापे आली, आणि या पाढ्यांचा व्यवहारातला आधारच निघून गेला. पाठांतर उरले, त्याचे प्रयोजन गेले. आजच्या वर्गातही पाढे हवेतच, कारण गुणाकाराच्या प्रत्येक पायरीस काड्या मांडीत बसणे शक्य नाही; प्रश्न इतकाच की सातचा पाढा म्हणणाऱ्या मुलाला साताचौक अठ्ठावीस विसरल्यास साती त्रिक एकवीसमध्ये सात मिळवून तो पुन्हा उभा करता येतो की नाही.

साहित्याविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे: महागड्या लाकडी पेट्यांवाचून असे शिक्षण होत नाही, असे पुष्कळांना वाटते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचे धडे घेतलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबादच्या टेकडीवर काम उभारले, तेव्हा माँटेसरीची तत्त्वे ठेवून त्यांनी साधने मात्र आजूबाजूच्या निसर्गातून घेतली: शिंपले, बिया, खडे. मुले वाड्यापाड्यांतून येत नाहीत तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, गुरे राखावयास जातात तर कुरणात जावे, इतक्या साध्या विचारातून तेथे अंगणवाडी आणि कुरणशाळा निर्माण झाल्या.

याउपर एक व्यावहारिक आक्षेप उरतो: एकटा शिक्षक हे सारे करणार केव्हा? आक्षेप पोकळ नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पहिली ते चौथीची शाळा दोन खोल्यांत बसते आणि जोडवर्ग हा अपवाद न राहता नियम होतो. त्यातच पोषण आहाराची नोंद, हजेरीपट, वरून मागविलेली माहिती यांत शिक्षकाचा दिवस कुरतडला जातो. तरीही जोडवर्गात एक अनपेक्षित सोय असते. पहिलीची मुले गठ्ठे बांधीत असताना दुसरीतील एखादी मुलगी त्यांच्यामध्ये बसून ‘अगं, दहा नाही झाल्या अजून’ असे दटावते, आणि असे दटावताना तिचे स्वतःचे दशक पक्के होते.

या सर्वांचा कस लागतो तो शाळेच्या बाजारदिवशी. पुष्कळ जिल्हा परिषद शाळांत वर्षातून एकदा मुले पटांगणात ओळीने बसतात. कोणी मेथी आणतो, कोणी लिंबे, कोणी घरचे पोहे. आणि गावकरी गिऱ्हाईक होतात. बत्तीस रुपयांच्या मालास पन्नासाची नोट आली की दुसरीचा दुकानदार वजाबाकी मांडीत नाही. तो बत्तिसावर एकेक नाणे ठेवीत तेहतीस, चौतीस, पस्तीस असे म्हणतो, पाचाचे नाणे ठेवून चाळीस करतो आणि दहाची नोट ठेवून पन्नासाला पोहोचतो. परत किती दिले हे त्याला अनेकदा सांगताही येत नाही, पण दिलेले अठरा बरोबर असतात; हे पुढे मिळवून वजा करणे आहे हे दुसऱ्या दिवशी वर्गात काड्यांनिशी उलगडून दाखविता येते.

त्या दुसऱ्या दिवशी जमाखर्च होतो, आणि तेथे एक प्रश्न हमखास निघतो. साठ रुपयांची मेथी विकणारा मुलगा साठच रुपये नफा सांगतो, कारण मेथी घरच्या शेतातली, तिला पैसे पडले नाहीत. लिंबे विकत आणून विकणारी त्याची शेजारीण हे मान्य करीत नाही. बी आणले होते, पाणी दिले होते, आईने जुड्या बांधल्या होत्या, त्याचे काय, असे ती विचारते. शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांचे श्रम धरावे की नाही, धरले तर कोणत्या दराने, यावर सरकारी आयोग आणि शेतकरी संघटना यांचे वर्षानुवर्षे एकमत झालेले नाही. तेव्हा दुसरीच्या बाईंनी तो वाद तासाच्या घंटेपूर्वी मिटविण्याची घाई करू नये; मुलाला घरी जाऊन बियाण्याचा भाव आणि आईला लागलेला वेळ विचारून येण्यास सांगावे, आणि फळ्यावरचा नफ्याचा रकाना तोवर मोकळा ठेवावा.