ओब्रादोव्हिच, झेल्को
(९ मार्च १९६० – ). सर्बियन बास्केटबॉलपटू व जागतिक कीर्तीचा प्रशिक्षक. जन्म त्यावेळच्या युगोस्लाव्हियातील (आता सर्बियातील) चाचाक या औद्योगिक नगरात. द्रागान किचानोव्हिचसारखा श्रेष्ठ खेळाडू देणारे हे गाव बास्केटबॉलची जुनी परंपरा असलेले आहे. ओब्रादोव्हिचने खेळाचे प्राथमिक धडे तेथील ‘बोराच’ या क्लबमध्ये गिरविले. १९८४ मध्ये तो बेलग्रेडच्या ‘पार्टिझान’ क्लबमध्ये दाखल झाला.

आघाडीच्या खेळाडूंना चेंडू पुरविणे व डावाची आखणी करणे, अशी जबाबदारी असलेल्या ‘गार्ड’च्या जागी तो खेळे. पार्टिझानने १९८७ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद आणि १९८९ मध्ये राष्ट्रीय चषक व युरोपातील कोराच चषक जिंकला, त्या संघांत त्याचा समावेश होता. सेऊल येथील ऑलिंपिक सामन्यांत (१९८८) रौप्यपदक मिळविणाऱ्या व अर्जेंटिनातील जागतिक स्पर्धेत (१९९०) अजिंक्य ठरलेल्या युगोस्लाव्ह राष्ट्रीय संघांतही तो होता. तथापि दिवात्स, पास्पाल्य, जॉर्जेव्हिच यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या तुलनेने खेळाडू म्हणून त्याची कीर्ती मर्यादितच राहिली.

१९९१ मध्ये त्याच्या आयुष्याला निर्णायक कलाटणी मिळाली. रोम येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघाचा सराव चालू असतानाच पार्टिझानने त्याला प्रशिक्षकपद देऊ केले. त्याने शिबिर सोडले व खेळाडू म्हणून निवृत्ती पतकरली. युगोस्लाव्ह बास्केटबॉलचा जनक मानला जाणारा अलेक्सांदर निकोलिच (१९२४–२०००) त्याला सल्लागार म्हणून लाभला. त्याच वर्षी युगोस्लाव्हियाच्या विघटनास व युद्धास प्रारंभ झाला. त्यामुळे तेथील क्लबांना युरोपीय स्पर्धेतील स्वतःच्या मैदानावरील सामने परदेशात खेळावे लागले. पार्टिझानने माद्रिदजवळील फुएनलाब्रादा हे नगर निवडले व तेथील प्रेक्षकांनी या परक्या संघाला आपलेसे केले. एप्रिल १९९२ मध्ये इस्तंबूल येथील अंतिम सामन्यात जॉर्जेव्हिचने अखेरच्या क्षणी केलेल्या तीन गुणांच्या फेकीमुळे पार्टिझानने बादालोना (स्पेन) येथील ‘होवेंतुत’ क्लबवर ७१–७० असा विजय मिळविला. प्रशिक्षकपदाच्या पहिल्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ओब्रादोव्हिच युरोपचा विजेता ठरला. मात्र मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लादलेल्या निर्बंधांमुळे संघाला आपले अजिंक्यपद राखण्याची संधीच मिळाली नाही.

पुढे त्याने देश सोडला. ज्या होवेंतुत क्लबला त्याने हरविले होते, त्यालाच त्याने १९९४ मध्ये युरोपीय अजिंक्यपद मिळवून दिले. तेल आवीव्ह येथील अंतिम सामन्यात ग्रीसचा ‘ऑलिंपियाकोस’ संघ ५९–५७ असा पराभूत झाला. १९९५ मध्ये, साबोनिस हा लिथ्युएनियन खेळाडू असलेल्या ‘रेआल माद्रिद’ संघाने त्याच्या मार्गदर्शनाखाली तेच पद जिंकले. १९९७ ते १९९९ या काळात तो इटलीतील ‘बेनेत्तोन त्रेव्हीझो’ संघाकडे होता. त्यानंतर अथेन्सच्या ‘पानाथिनाइकोस’ क्लबमध्ये त्याने सलग तेरा वर्षे (१९९९–२०१२) व्यतीत केली. या काळात संघाने युरोपीय अजिंक्यपद पाच वेळा (२०००, २००२, २००७, २००९ व २०११), ग्रीक अजिंक्यपद अकरा वेळा व ग्रीक चषक सात वेळा जिंकला. २०१३ मध्ये त्याने तुर्कस्तानातील ‘फेनेरबाह्चे’ संघाची सूत्रे घेतली. २०१७ मध्ये इस्तंबूललाच ऑलिंपियाकोसवर ८०–६४ असा विजय मिळवून या संघाने तुर्की क्लबला प्रथमच हे पद मिळवून दिले. ओब्रादोव्हिचचे हे नववे युरोपीय अजिंक्यपद होय. अन्य कोणाही प्रशिक्षकाला चारांहून अधिक अजिंक्यपदे मिळविता आलेली नाहीत. २०२१ मध्ये तो पार्टिझानकडे परतला. संघाने २०२३ व २०२५ मध्ये एड्रियाटिक लीग जिंकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने राजीनामा दिला.

राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याने तत्कालीन युगोस्लाव्ह संघराज्याला (सर्बिया व माँटेनेग्रो) अटलांटा ऑलिंपिकमध्ये (१९९६) रौप्यपदक, स्पेनमधील युरोपीय स्पर्धेत (१९९७) व अथेन्समधील जागतिक स्पर्धेत (१९९८) सुवर्णपदक मिळवून दिले. मात्र २००५ मध्ये मायदेशी झालेल्या युरोपीय स्पर्धेत फ्रान्सकडून पराभूत होऊन संघ लवकर बाद झाला. खेळाडूंमधील बेबनाव त्याने उघडपणे बोलून दाखविला व पद सोडले. उत्तम खेळाडू एकत्र आणले म्हणजे संघ होतोच असे नाही, ही त्याची नेहमीची शिकवण त्याला येथे स्वतःच्याच अपयशातून अनुभवावी लागली.

कडक शिस्त, आक्रमक संरक्षण, चेंडूची जलद देवघेव व प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचा बारकाईने अभ्यास ही त्याच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. विश्रांतिकाळात खेळाडूंवर ओरडणारा कोपिष्ट प्रशिक्षक म्हणून तो प्रसिद्ध आहे; परंतु त्याच्या हाताखालील अनेक खेळाडू त्याच्याविषयी कृतज्ञतेने बोलतात. चेंडू फेकण्याची मुदत २००० मध्ये तीस सेकंदांवरून चोवीस सेकंदांवर आली, तेव्हा खेळाची गती पालटली. या बदलाच्या आधी व नंतरही त्याचे संघ विजयी ठरले. एकाच डावपेचाला चिकटून न राहता हाती असलेल्या खेळाडूंनुसार खेळाची आखणी करणे, हे त्याच्या यशाचे प्रमुख कारण मानता येईल. तेरा वर्षे त्याचा साहाय्यक असलेला दिमित्रिस इतूदिस याने पुढे ‘सीएसकेए मॉस्को’ संघासह २०१६ व २०१९ मध्ये युरोपीय अजिंक्यपद पटकाविले. निकोलिचपासून चालत आलेली ही प्रशिक्षणपरंपरा अशा रीतीने पुढील पिढीपर्यंत पोहोचली.