लिनक्स बसविल्यानंतर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने थांबविले. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. परंतु ज्यांवर नवी विंडोज बसत नव्हती, अशी कित्येक धडधाकट यंत्रे एकाएकी म्हातारी ठरली. त्यांपैकी काहींना लिनक्सने पुन्हा कामास लावले आहे. फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये या प्रणालीचा गाभा रचण्यास आरंभ केला. या गाभ्याभोवती इतर साधने गुंफून जी वापरण्याजोगी रूपे तयार होतात, त्यांना वितरणे म्हणतात. डेबियन, उबुंटू आणि मिंट ही त्यांपैकी काही होत. येथे मिंटचे उदाहरण घेतले, तरी त्यातील तत्त्व बहुतेक सर्व वितरणांना लागू पडते.

प्रणाली बसवून झाली, पडद्यावर नवे चित्र उमटले, की नवशिक्याचा हात प्रथम सजावटीकडे वळतो. त्यात गैर काही नाही. परंतु नव्या घरात राहावयास गेलेला मनुष्य तसबिरी लावण्याआधी किल्ल्या कोणाकडे आहेत ते पाहतो. लिनक्समध्येही पहिला प्रश्न तोच आहे : या यंत्रावर अधिकार कोणाचा?

लिनक्समध्ये अधिकाराची विभागणी स्पष्ट असते. नित्याचा वापरकर्ता आपल्या ‘होम’ नावाच्या कप्प्यात कागदपत्रे, छायाचित्रे, गाणी हवी तशी ठेवू शकतो; मात्र प्रणालीच्या मूळ फायलींना हात लावावयाचा, तर व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. म्हणूनच मधूनमधून परवलीचा शब्द विचारला जातो. तो उपद्रव नव्हे, तर क्षणभर थांबून विचार करण्याची सूचना होय. टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा टंकून काम करताना हाच अधिकार ‘सुडो’ या शब्दाने मिळतो. कोठूनतरी उतरवून घेतलेली आज्ञा न समजता ‘सुडो’सह चालविणे म्हणजे कोऱ्या मुद्रांकावर सही करून देणे होय. टर्मिनलमधून नेहमीच्या आज्ञेने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अधिकार ओळखल्यानंतर दुसरे पाऊल सुरक्षिततेचे. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाचे साधन असते. ते प्रणालीची त्या घटकेची स्थिती जतन करून ठेवते. पुढे काही बिघडले, तर त्या स्थितीस परत जाता येते. परंतु येथेच अनेकांची फसगत होते. टाइमशिफ्ट नेहमीच्या मांडणीत प्रणालीच्या फायली राखते, ‘होम’मधील खाजगी फायली राखीत नाही. मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, घराच्या खरेदीखताची प्रत, मुलांची प्रमाणपत्रे या गोष्टी तिच्या कक्षेबाहेर राहतात. प्रणाली पुन्हा बसविता येते. ही छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून त्यांची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि त्या प्रतीतील दोनचार फायली उघडून पाहाव्यात. एकाच डिस्कवर ठेवलेल्या दोन प्रती डिस्क निकामी होताच दोन्ही जातात.

तिसरे पाऊल अद्ययावत करण्याचे. प्रणाली ज्या प्रतीवरून बसविली जाते, ती बहुधा काही महिन्यांपूर्वी तयार झालेली असते. दरम्यान सापडलेल्या उणिवा दुरुस्त झालेल्या असतात. त्या दुरुस्त्या ‘अपडेट मॅनेजर’मधून घ्याव्यात. त्यात गाभा नवा आला असेल, तर यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे. नव्या गाभ्याने घोटाळा केलाच, तर यंत्र सुरू होतानाच्या यादीतून आधीचा गाभा निवडता येतो. त्यामुळे या कामाचे भय बाळगण्याचे कारण नाही. तसेच मिंटमध्ये फायरवॉल असते, परंतु ती प्रारंभी बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी.

यानंतर नवे कार्यक्रम घ्यावेत, आणि तेही शक्यतो ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधूनच. विंडोजच्या सवयीने अनोळखी ठिकाणाहून फाईल उतरवून ती चालविण्याची येथे सहसा गरज पडत नाही. वितरणाच्या भांडारातील माल डिजिटल स्वाक्षरीने तपासला जातो. पत्रे व हिशेब यांसाठी लिबरऑफिस आणि आंतरजालासाठी फायरफॉक्स मिंटमध्ये आधीच असतात. जुनी वर्डची पत्रे लिबरऑफिसमध्ये उघडतात. मांडणी मात्र क्वचित थोडी हलते, एवढे पाहून घ्यावे.

मराठी वाचकाचे एक काम उरते, ते देवनागरीचे. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा जोडावा. त्यात इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ येतो, तर शिफ्टसह ‘एन’ दाबल्यास ‘ळ’ येतो. या आराखड्याची खुबी अशी, की भारतीय लिप्यांत समान उच्चाराचे अक्षर सामान्यतः त्याच कळीवर असते. त्यामुळे बेळगावात मराठीबरोबर कन्नड, बडोद्यात गुजराती किंवा हैदराबादेत तेलुगू लिहिणाऱ्यास एकदा बसलेला हात पुन्हा शिकवावा लागत नाही.

लिनक्सचा गाभा १९९२ पासून अशा परवान्याखाली आहे, की तो कोणीही अभ्यासावा, बदलावा आणि इतरांस द्यावा. हे स्वातंत्र्य मोठे आहे. परंतु घर स्वतःचे झाले, की रात्री कडी लावण्याचे कामही स्वतःचेच होते. नवशिक्याने पहिल्याच दिवशी आपला अधिकार ओळखला, प्रत काढली आणि दुरुस्त्या घेतल्या, तर पुढील शिक्षण सावकाश झाले तरी चालते. तसबिरी मग निश्चिंत मनाने लावाव्यात.