बीडच्या पोटात मावणारा देश

एक साधा भागाकार करून बघा. आपल्या बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ 10,693 चौरस किलोमीटर, गोव्याचं 3,702. उत्तर तिनाला थोडंसं कमी येतं. म्हणजे सिरसाळ्याच्या पारावर बसून आपण ज्याला ‘आपला जिल्हा’ म्हणतो, त्यात अख्खा गोवा दोनदा ठेवला तरी तिसऱ्यासाठी बरीच जागा उरते. आणि एवढ्याशा मुलखानं साडेचारशे वर्षं दुसऱ्याच देशाचा कारभार पाहिला! परकं राज्य म्हणजे काय, हे निजामाच्या अमलात वाढलेल्या आपल्या आजोबांना सांगायला नको. पण मराठवाडा 1948च्या सप्टेंबरात मोकळा झाला, गोव्याला 1961चा डिसेंबर उजाडावा लागला.

तेव्हा ठरवलं, या इवल्याशा दर्याकाठच्या ‘देशा’चे मोठे रस्ते गाडीनं पालथे घालायचे. उत्तरेच्या पत्रादेवीपासून दक्षिणेच्या पोळेपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग 66 जेमतेम 140 किलोमीटर. चहा-नाश्ता धरून अर्धा दिवस, असा माझा अंदाज. लागले तीन दिवस, आणि तरी निम्मं राहिलंच.

सोलापूर, कोल्हापूर करत आंबोलीचा घाट उतरलो, सावंतवाडी-बांदा मागे टाकलं आणि पत्रादेवीला पोचलो. आज इथे सीमा कधी ओलांडली तेही कळत नाही. 15 ऑगस्ट 1955 रोजी याच जागी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यांचं स्मारक रस्त्यालगत आहे. गाडी थांबवाच.

थांबलात की एक गंमत लक्षात घ्या. तुम्ही डाव्या बाजूनं आलात आणि डाव्याच बाजूनं पुढे जाणार. यात काय नवल? नवल असं की पोर्तुगालनं 1928 मध्ये आपली सगळी वाहतूक उजवीकडे नेली. मग त्यांचा गोवा डावीकडेच का राहिला? कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान होता, तिथली गाडी डावीकडून यायची. सीमेवर दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या असत्या! मोझांबिक आणि मकाव यांचीही तीच गोष्ट. राज्य लिस्बनचं, पण रस्त्याची बाजू ठरली शेजाऱ्याच्या सोयीनं.

पत्रादेवीहून निघालं की थोड्याच वेळात कोलवाळला पूल लागतो, खाली शापोरा नदी. मग म्हापसा, पर्वरी, आणि समोर मांडवी पसरलेली. पणजी मागे टाकून आगशीला पोचलात की जुवारी. आपल्याकडे तासाभराच्या रस्त्यात पूल लागलाच तर ओढ्यावरचा नळकांडी पूल. उन्हाळ्यात त्याच्या नळांतून शेरडं ये-जा करतात. इथे मात्र दर अर्ध्या-पाऊण तासाला समुद्राचा एकेक हात आडवा.

आता हे नीट बघा. त्र्यंबकेश्वरला उगवलेली गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या उत्तर हद्दीनं जाते आणि 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. मांडवीची सगळी लांबी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. घरातून अंगणात यावं तशी सह्याद्रीतून उतरते आणि समुद्रात जाते. मग इतक्या आखूड नदीचं मुख इतकं रुंद कसं?

उत्तर बर्फात आहे! सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं अफाट पाणी हिमनद्यांत गोठून बसलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून जास्त मीटर खाली होती. तेव्हाच्या नद्या त्या खालच्या समुद्राकडे धावताना खोल दऱ्या कोरत गेल्या. पुढे बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि त्या दऱ्यांत शिरला. म्हणजे पणजीच्या पुलावरून तुम्ही जे पाणी ओलांडता ती बुडालेली दरी आहे. म्हणून समुद्राची भरती आत कैक किलोमीटरपर्यंत चढते. नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते! गोदाकाठच्या माणसाला हे सांगून पाहा, तो तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल.

या उलट्या पाण्यामुळेच आणखी एक चमत्कार झालाय, आणि तो बहुतेक पर्यटकांना कळतही नाही. पणजी बेटावर आहे. हो, बेटावर. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. चहूबाजूंनी खारं पाणी. या तिसवाडी तालुक्यात मोटारीनं कुठूनही शिरा, मांडवीवरून, जुवारीवरून किंवा फोंड्याकडून बाणस्तारीवरून, पाणी ओलांडल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. त्या कालव्यात मगरीही आहेत. जवळपासच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. आपण पोळ्याला मातीचे बैल पूजतो, तसंच. ज्याच्या जिवावर शेती, त्याची मूर्ती.

मगरीचा आणि शेतीचा काय संबंध? इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण मला सगळ्या प्रवासात सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुलाची नव्हतीच. ती एका लाकडी झडपेची होती.

भरतीची खारी दलदल बांध घालून अडवायची, पावसाच्या पाण्यानं मीठ धुऊन काढायचं आणि तिथे भात पिकवायचा. या जमिनीला खाजन म्हणतात. तिथला जुना भात कोरगुट, मिठालाही न डरणारा. पण बांध घातला की पेच पडतो. बाहेरचं खारं पाणी आत येता कामा नये, आणि आतलं पावसाचं पाणी तर बाहेर गेलं पाहिजे. रात्री दोन वाजता भरती आली तर दार लावायला कोण उठणार? कुणीच उठत नाही. बांधात दगडी मोरी असते, तिला ‘मानस’ म्हणतात, आणि तिच्यात लाकडी दारं. भरती आली की बाहेरचं पाणी दारावर रेटा देतं आणि ती आपोआप बंद होतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा रेटा वरचढ होतो आणि ती उघडतात. ना वीज, ना मोटार, ना वायरमनची वाट बघणं! चंद्र समुद्र ओढतो आणि समुद्र दार लावतो. आपल्या काळजात रक्त उलटं जाऊ न देणाऱ्या झडपा आहेत ना, हुबेहूब तसंच. ही व्यवस्था पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. मगर याच बांधांच्या कडेनं राहते. तिला ‘आमच्या बांधाला धक्का लावू नकोस’ असं एकदा विनवलेलं बरं, नाही का? आणि यातल्या काही बांधांच्या माथ्यावरून आज डांबरी रस्ते जातात. तुमची गाडी समुद्र आणि भातशेत यांच्यामधल्या भिंतीवरून धावत असते.

असाच एक म्हातारा रस्ता पणजीहून रायबंदरला जातो. दलदलीवर दगडी कमानींची रांग, लांबी सुमारे सव्वातीन किलोमीटर. लिन्यारिशचा काउंट असलेल्या व्हाइसरॉयनं तो 1633-34 मध्ये बांधून घेतला. सन जरा डोक्यात घोळवा. शिवराय तेव्हा तीन-चार वर्षांचे होते. दख्खन 1630-32च्या भयंकर दुष्काळातून नुकतं कुठे उठत होतं. त्या वेळचा हा पूल, आणि आज त्यावरून बसगाड्या जातात! आपल्याकडे मागच्या पावसाळ्यातला रस्ता या पावसाळ्यात ओळखू येत नाही, ही आठवण इथे मुद्दाम काढावीशी वाटली.

मांडवीवर मात्र पोर्तुगीजांनी इथे पूल बांधलाच नाही. माणसं होडीनं, फेरीनं जायची. ही उणीव एका रात्री इतिहासाच्या आड आली. 18 डिसेंबर 1961 रोजी संध्याकाळी भारतीय रणगाडे बेतीला पोचले. समोर पाचशेएक मीटरवर पणजीचे दिवे, मधे काळी मांडवी. पुढे जायचा हुकूम नाही आणि पूलही नाही. रात्र काठावर गेली, पणजी दुसऱ्या दिवशी हाती आली.

पूल आला तो मुक्तीनंतर, नेहरू सेतू. 5 जुलै 1986 रोजी तो कोसळला. असा दणकट सिमेंटचा पूल पडतो कसा? बैलगाडीचं चाक आठवा. लोहार धाव तापवतो, ती प्रसरण पावते. मग चाकावर बसवून पाणी ओततो, आणि धाव आवळून आऱ्या-तुंब्यांना एकजीव करते. या जातीच्या पुलातही तेच असतं: काँक्रीटमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारा काँक्रीटला आवळून धरतात. धाव गंजली तर चाकाचं काय होईल? खाऱ्या हवेनं तारांचं तेच केलं. पणजीकर पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले.

आता तिथे दोन जुने पूल आणि त्यांच्या डोक्यावरून जाणारा अटल सेतू आहे, जानेवारी 2019 पासून. नदीच्या मधोमध उंच खांब, त्यांच्यापासून दोन्ही अंगांना तिरप्या तारा, आणि त्या तारांवर तोललेला रस्ता. हा तराजूच आहे. एका पारड्याचं वजन दुसरं पारडं सांभाळतं, म्हणून नदीत खांब थोडे लागतात आणि खालून खनिजाच्या बार्जेसना मोकळी वाट राहते. पुढे जुवारीवर याच जातीचा आठ पदरी पूल आहे, त्याचा पहिला भाग 2022च्या डिसेंबरअखेर खुला झाला. एवढ्या लहान प्रदेशात आठ पदर! बीडकर म्हणून जरा जळफळाट होतो, कबूल करतो.

जुवारीच्या पलीकडचं भराभर सांगतो. मडगावची गर्दी, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवर भाडं नेणारे ‘पायलट’, मग कुंकळ्ळी, करमलघाटाची झाडी, काणकोणचा नवा वळणरस्ता, तळपण आणि गालजीबाग या दोन छोट्या नद्या. गालजीबागेच्या वाळूत समुद्रकासवं अंडी घालायला येतात. रस्त्याच्या कडेला डोंगर कापलेला दिसतो तो लालभडक जांभा. ताजा असताना कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं चिरे कापता येतात, हवा लागली की कठीण होतो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात हातभर भेगाळते, रस्त्याला कायम हुलकावणी देते. जांभा याच्या बरोबर उलट वागतो. पोळेला पाटी येते, कर्नाटक सुरू. देश संपला!

पण खरं टोक मी शेवटाला राखून ठेवलं होतं, उत्तरेचं. तेरेखोल नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला, एक किल्ला आणि थोडीशी वस्ती गोव्याची आहे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो किल्ला घेतला, आणि तेव्हापासून गोव्याचा हा तुकडा नदी ओलांडून बसलाय. 1954च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा लावला होता. गोव्याच्या बाजूचा रस्ता केरीला येतो आणि पाण्यात उतरतो. तिथे रस्ता फेरीबोटीच्या हवाली होतो.

गेलात तर मोटार काठावर ठेवून जा. गाडीला पैसे पडतात, पायी माणसाला फेरीचं तिकीट नाही.