तालीम एकट्यानं होत नाही

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे पैलवान घडायची जागा. आम्ही दोन्ही भाषांत शिकवतो, त्यामुळं हा शब्द वर्गात निघाला की मुलं हमखास विचारतात, "सर, खरा अर्थ कुठला?" दोन्ही खरे. अरबीतला शिकवण्याचा शब्द आपल्या तांबड्या मातीत आला आणि शरीराच्या शिक्षणाचा झाला. उस्तादचा वस्ताद झाला, पहलवानचा पैलवान झाला. कुस्ती, जोर, खुराक हे शब्दही फारसीतूनच आलेले. शब्द असे आपोआप येत नाहीत. माणसं एकाच हौद्यात उतरली, एकाच मातीत घोळली, तेव्हा ते आले.

त्या मातीनं माणसंही मोठी घडवली. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं.

आज त्याच दोन जिल्ह्यांत घराघरांत टीव्हीच्या शेजारी गोळ्यांचा डबा दिसतो. एक पट्टी बीपीची, एक शुगरची. पूर्वी त्या गोळ्या दादीच्या असायच्या, आता चाळिशीतल्या मुलाच्याही असतात. गॅरेजवाला, टेलर, फळांची गाडी लावणारा, ज्याच्या हातावर घर चालतं त्याच्या पायाची जखम भरली नाही किंवा त्याला अर्धांगवायूचा झटका आला, तर त्या घराची मुलं शाळेतून कशी निघतात हे आम्ही शिक्षक जवळून पाहतो. म्हणून हा विषय फक्त डॉक्टरांवर सोडून चालणार नाही.

खुराक राहिला, जोर गेला

देशभरातल्या पाहणीवर आधारलेला आयसीएमआरचा मधुमेह अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 2024 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या आकड्यांनुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, बायकांत 57 टक्के.

आपल्याकडं याचा अर्थ सोपा आहे. पैलवानाचा खुराक दूध, तूप, बदाम, मटण असा दणकट असायचा, पण त्यामागं रोजचे शेकड्यांनी जोर आणि बैठका असायच्या. शेतकऱ्याचं जेवणही भरपूर असायचं, पण त्यामागं दिवसभराची नांगरट असायची. आता कामं बसून झाली. दुकानाचा गल्ला बसून, शिलाई बसून, रिक्षा बसून, आणि आमचे पेपर तपासणंही बसूनच. चार पावलांवरच्या बेकरीत टोस्ट आणायलाही गाडी निघते. ताट तेवढंच राहिलं, किंबहुना तेल आणि साखर वाढली. खुराक राहिला, जोर गेला.

तालमीत असं काय होतं?

हे सगळ्यांना कळतं. तरीही एक तारखेला चालायला सुरुवात केलेला माणूस पंधरा तारखेला घरी का असतो? आपण म्हणतो, त्याच्यात जिद्द नाही. पण तालमीतला प्रत्येक पोरगा काय जिद्दीचा पुतळा नव्हता. तालमीची रचनाच अशी होती की सुटणं अवघड जायचं.

वेळ ठरलेली असे, पहाटेची. जागा ठरलेली असे. जोडीदार ठरलेला असे. तुम्ही गेला नाहीत तर त्याचा सराव बुडायचा. आणि वर वस्ताद असे. एखादा दोन दिवस दिसला नाही की वस्ताद माणूस घरी पाठवायचा, "का रे, आला नाहीस?" या एका प्रश्नात सगळं आलं. आपली गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येते, एवढं माहीत असलं की माणूस अंथरुणातून उठतो. आज आपण हजारो रुपये भरून जिममध्ये नाव घालतो. तिथं आपण गेलो नाही तर मशीनला काही फरक पडत नाही.

सोबत तारते, सोबत बुडवते

सोबतीचा परिणाम मोजलेलाही आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या 12,067 लोकांची 32 वर्षांची माहिती तपासून 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला, तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याला यात नवल नाही. रात्री अकराला "चल, पाव-खिमा खाऊ" म्हणणारा दोस्त असला की घरचं जेवण जिरायच्या आत दुसरं होतं. आणि दावतीत "अहो घ्या की, एवढ्यानं काय होतंय" म्हणून ताटात वाढणारे आपणच असतो.

आता उलटी बाजू. अमेरिकेतच मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3,234 लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी दिली, दुसऱ्याला राहणी बदलायला मदत केली. उद्दिष्टं दोनच होती. वजन 7 टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल करायची. प्रत्येकाच्या मागं एक शिकवणारा माणूस होता, तो नियमित भेटायचा आणि हिशेब बघायचा. सरासरी पावणेतीन वर्षांनी गोळीच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 31 टक्क्यांनी कमी झालं. राहणी बदललेल्या गटात 58 टक्क्यांनी.

आपल्या देशात केरळनं तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1,007 लोकांवर गटांचा प्रयोग केला. गट वस्तीतलेच, म्होरकेही त्यांच्यातलेच. 2018 मध्ये आलेल्या निकालात, दोन वर्षांनंतर मधुमेह होण्याच्या प्रमाणात ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. पण लोकांचं फळं-भाज्या खाणं वाढलं, तंबाखू आणि दारू कमी झाली. म्हणजे सोबत ही जादूची कांडी नाही. नुसतं एकत्र जमून गप्पा मारल्या तर चहाच वाढतो. आम्हाला यातून एवढं दिसतं की सोबतीला एक ठरलेलं उद्दिष्ट लागतं आणि हिशेब विचारणारा एक वस्ताद लागतो.

वेगळं पातेलं बंद करा

सोबतीची पहिली जागा घर. शुगर निघाली की बहुतेक घरांत काय होतं? अब्बांसाठी बिनतेलाची भाजी वेगळ्या पातेल्यात शिजते आणि बाकीचे त्यांच्यासमोर बिर्याणी खातात. अब्बा आठ दिवस परहेज पाळतात, नवव्या दिवशी मुलाच्या ताटातून उचलतात. मग घरचे ओरडतात, आणि अब्बा बाहेर जाऊन चोरून खायला शिकतात.

वेगळं पातेलं म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा घरातलं एकच पातेलं सुधारावं. कमी तेलाची भाजी कुणालाच अपाय करत नाही. आई-वडिलांना मधुमेह असेल तर मुलांनाही धोका जास्त असतो, त्यामुळं ते पातेलं मुलांचंही औषधच आहे.

त्यासाठी परदेशी ओट्स लागत नाहीत. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू भागांनी आपल्याला ज्वारी-बाजरी दिली आहे. मटकी, हुलगा, हरभरा, शेपू, मेथी हे सगळं आठवडी बाजारात मिळतं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं, उरलेल्या अर्ध्यात भाकरी किंवा भात आणि डाळ, उसळ, अंडं, मासा किंवा मटणाचे मोजके तुकडे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. फक्त भाकरी 'चालते' म्हणून चार खायच्या नाहीत, तीही मोजूनच.

आपला पट्टा उसाचा आणि गुळाचा, म्हणून एक गैरसमज इथं फार आहे, की शुगरवाल्याला गूळ चालतो. नाही चालत. गूळ, मध, काकवी, खजूर, सगळ्यांनी रक्तातली साखर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे सहा लहान चमचे. दोन-दोन चमच्यांचे चार चहा झाले की आठ झाले, आणि त्यात नानखटाई धरलेलीच नाही.

तेलाचंही तसंच. महिन्याला घरात किती लिटर येतं ते एकदा लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात त्यातला दहावा भाग कमी आणा. कुणाच्या जिभेला कळणारही नाही. रमजानमध्ये शेजारच्या चार घरांनी ठरवावं की इफ्तारच्या थाळीत तळलेला पदार्थ एकच, बाकी फळं आणि भिजवलेले चणे. एका घरानं केलं तर कंजूस म्हणतील, चार घरांनी केलं तर रिवाज होतो. आणि ज्यांना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी रोज्यांच्या आधी डॉक्टरांना भेटलंच पाहिजे.

अम्मीचं चालणं कुणाच्या वेळात?

वर 57 टक्के हा आकडा दिला, त्यामागचं कारण आळस नव्हे. घरात सगळ्यात आधी उठणारी आणि सगळ्यात शेवटी, उरलेलं संपवत जेवणारी अम्मी चालायला कधी जाणार? "तू पण चालायला जात जा" असं म्हणणं म्हणजे मदत नव्हे. संध्याकाळी अर्धा तास चहा मी करतो, भांडी मी लावतो, तू जा, ही मदत. एकटीनं बाहेर पडायला संकोच वाटत असेल तर भाभी, शेजारच्या आपा, जावा-नणंदा अशा चौघींचा घोळका करावा. चौघी असल्या की वाट आपली वाटते आणि घरचेही निर्धास्त राहतात. बाहेर शक्य नसेल त्या दिवशी गच्चीवर चाला. पायात मात्र चप्पल नको, बूट हवेत. शुगर असलेल्याच्या पायाला साधं फोडही महागात पडतं.

माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातून ललिता बाबर धावत निघाली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. आपल्या मुलींना शाळेच्या मैदानावर धावू देणं हाही याच कामाचा भाग आहे.

कुठं, किती, कुणासोबत

जागांची आपल्याकडं कमतरता नाही. साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर माणसं चढताना दिसतात. सांगलीत आमराई आहे, कृष्णेचा घाट आहे. गावात असाल तर शेताची वाट आहे. साताऱ्यात 2012 पासून यवतेश्वरच्या घाटातून हिल मॅरेथॉन होते, तिच्या तयारीसाठी लोक कित्येक महिने गटागटानं पळतात. आपल्याला 21 किलोमीटर पळायचं नाही. पण तयारी गटानं करायची, ही त्यांची सवय उचलण्यासारखी आहे.

प्रमाण असं धरा: आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. झाली 150 मिनिटं. त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस बैठका, भिंतीला हात टेकून जोर, असा ताकदीचा व्यायाम. ज्यांना चालताना छातीत दुखतं किंवा दम लागतो, त्यांनी आधी तपासणी करावी. शुगरची औषधं घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी.

सुरुवात दोन गोष्टींनी करा. पहिली, मोजमाप. तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी आणि शुगर सरकारी आरोग्य उपकेंद्रात मोफत तपासतात, आशाताईंना विचारा. घरी शिवणकामाची टेप असतेच, तिनं पोट मोजा. पुरुषाचं 90 सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि बाईचं 80 पेक्षा जास्त भरलं, तर ते धोक्याचं समजा. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा.

दुसरी गोष्ट, जोडीदार. दहा जणांचा ग्रुप नको, त्यात नुसते गुड मॉर्निंगचे फोटो येतात. एक माणूस निवडा, जो तुमच्याच गल्लीत राहतो. वेळ ठरवा, नाका ठरवा. अट एकच: जो येणार नाही त्यानं आदल्या रात्री सांगायचं, आणि न सांगता आला नाही तर दुसऱ्यानं त्याच्या दारावर जाऊन कडी वाजवायची. तीन महिन्यांनी दोघांच्या वह्या शेजारी ठेवून आकडे बघा. कमी झाले असतील तर तिसऱ्याला बोलवा. झाले नसतील तर ताटात काय चाललंय ते एकमेकांना खरंखरं विचारा.