गॅसच्या गाडीचा विलायती हिशेब

"ॲव्हरेज किती देते?" हा आपल्या लोकांचा गाडीबद्दलचा पहिला प्रश्न. तो यूकेत आल्यावरही सुटत नाही, फक्त किलोमीटरच्या जागी मैल आणि लिटरच्या जागी गॅलन येतो. (हा गॅलन ४.५४६ लिटरचा. अमेरिकेतल्या भावंडांचा लहान असतो, तुलना करताना जपून!) गंमत म्हणजे पंपावर पेट्रोल मिळतं ते लिटरनेच.

नवीन आलेले मित्र जुनी गाडी शोधायला लागले, की हमखास फोन येतो, "अरे, मोठी इस्टेट स्वस्तात मिळतेय, एलपीजी किट बसवलेली. घेऊ का?" मी चार वर्षं अशीच गाडी चालवतोय, म्हणून मला विचारतात. आपल्याकडे घरचा सिलिंडर मागे ठेवून पळणाऱ्या ओम्नी ज्यांनी पाहिल्यात, त्यांच्या मनात धास्तीही असते. इथे तसं काही नाही. टाकी बहुधा स्टेपनीच्या जागी पक्की बसवलेली असते आणि सुरक्षेसाठी ८० टक्क्यांपर्यंतच भरते.

आता मुद्द्याचं. माझी गाडी पेट्रोलवर गॅलनला ३० मैल देते, गॅसवर २४. यात किटचा दोष नाही. एक लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा ऊर्जाच कमी असते. पेट्रोल १.४० पौंड आणि गॅस ९५ पेन्स लिटर धरला, तर मैलाला पेट्रोलवर साधारण २१ पेन्स पडतात आणि गॅसवर १८. म्हणजे बचत तीन पेन्स! पाटीवरचे भाव बघून वाटते तेवढी ती नाहीच.

शिवाय ती येते कुठून, तेही बघा. मार्च २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवरची ड्यूटी लिटरला ५२.९५ पेन्स झाली. एलपीजीवर ती किलोला २८.८८ पेन्स, आणि लिटरभर गॅसचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे जेमतेम १५ पेन्स. फरक ३८ पेन्सचा. त्यावर २० टक्के व्हॅट धरला की झाले ४५. पाटीवरचा फरकही तेवढाच! गॅस स्वस्त आहे तो सरकारच्या कृपेने. उद्या ड्यूटी बदलली की सगळं गणित बदललं.

पूर्वी गॅसचा भाव पेट्रोलच्या निम्म्यावर असायचा, तेव्हा किटचे पैसे दोनेक वर्षांत सुटायचे. आज दीड हजार पौंड खर्चून नवीन किट बसवलं, तर ते वसूल व्हायला ४५ हजारांहून जास्त मैल हवेत. आणि मुलांना शाळेत सोडण्यापुरती गाडी असेल तर विसराच. इंजिनाच्या गरम पाण्यावर गॅसचं बाष्प होतं, त्यामुळे गाडी सुरू होते पेट्रोलवर आणि गॅसवर जाईपर्यंत शाळा येते.

खरी अडचण पंपांची आहे. ते भराभर बंद होताहेत. माझ्या घराजवळचा गेल्या वर्षी गेला. आता ऑफिसच्या रस्त्यावरचा एकच उरलाय. माझं रोजचं जाणं-येणं ६० मैलांचं, त्यामुळे वर्षाला चारशेएक पौंड वाचतात. त्यातून किटच्या सर्व्हिसिंगचे वजा करायचे. पण गॅससाठी दहा मैल वाकडी वाट करावी लागली तर त्यात काय उरणार?

बाकी बारीकसारीक: इन्शुरन्स कंपनीला किटचं आधी सांगायचं. आई-बाबा येणार असतील तर डिकी मोजून ठेवायची, कारण काही गाड्यांत टाकी तिथेच असते आणि पुण्याहून येणाऱ्या बॅगा काही लहान नसतात. त्यांना पॅरिस दाखवायचं असेल तर फेरीचं तिकीट काढा. चॅनल टनेलच्या गाडीत एलपीजीवर चालणारी मोटार घेत नाहीत.

परवा विचारणाऱ्या मित्राला मी उलटा प्रश्न केला, "तुला एवढी मोठी गाडी हवीय कशाला?" नवरा-बायको आणि एक मूल. गॅलनला ५० मैल देणारी साधी पेट्रोल हॅचबॅक मैलाला १३ पेन्समध्ये जाते, माझ्या गॅसपेक्षाही स्वस्त. पुढच्या शनिवारी तीच बघायला जाणार आहोत.