शेरा कोणासाठी लिहायचा?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काम करीत शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या नोंदवह्या पाहिल्या, तर त्यांतील वरिष्ठांचे शेरे बहुधा दोन-तीन शब्दांत आटोपलेले आढळतात. ‘समाधानकारक’, ‘चांगले’, ‘वाचन वाढवावे’. आणि त्याखाली महिनाअखेरीस एकाच बैठकीत ओळीने केलेल्या सह्या. शाळेच्या प्रगतिपुस्तकातही हे शब्द तितक्याच सुखाने नांदले असते. त्यांत कोणाची निंदा नाही, हे खरे. परंतु उद्या सकाळी वॉर्डात गेल्यावर कालच्यापेक्षा निराळे काय करावयाचे, याचा बोधही त्यांतून होत नाही.

हा प्रश्न महाविद्यालयाच्या चार भिंतींतला मानून सोडून देता येणार नाही. निवासी डॉक्टर शिकतो तो केवळ पुस्तकावर नव्हे, खाटेवरच्या माणसावर. सरकारी रुग्णालयात रात्री-अपरात्री आणलेल्या रुग्णाला पहिला हात लागतो तो बहुधा त्याचाच. त्याला एखादी चुकीची सवय जडली आणि ती वेळीच कोणी दाखवून दिली नाही, तर ती सोबत घेऊन तो पुढे तीस-चाळीस वर्षे व्यवसाय करणार असतो.

नियमांची उणीव आहे असेही नाही. एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ च्या तुकडीपासून लागू झाला. विद्यार्थ्याने कौशल्य करून दाखवावे, शिक्षकाने ते पाहावे आणि अभिप्राय देऊन नोंद करावी, अशी त्याची रचना आहे. २०२० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना जोडलेल्या मूल्यमापन-पत्रकात १ ते ९ गुणांची श्रेणी आहे, शेऱ्यासाठी जागा आहे, आणि ४ पेक्षा कमी गुण दिल्यास सुधारणेचा उपाय सुचवलाच पाहिजे, अशी तळटीपही आहे. हेतू उत्तमच. परंतु ज्या कृतीवर जादा श्रमाचा कर बसतो ती कृती कमी होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. तीन गुण दिले की उपाय लिहिणे आले, त्याचा पाठपुरावा आला, कदाचित विभागप्रमुखांपुढे खुलासाही आला. चार दिले की सही करून मोकळे!

कॅनडातील नॅन्सी ड्यूडेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसून आले. कच्च्या विद्यार्थ्याला कच्चे का म्हटले जात नाही, याची पर्यवेक्षक डॉक्टरांनी सांगितलेली कारणे बोलकी आहेत: पुरेशा नोंदी नसतात, नेमके काय नोंदवावे हे ठाऊक नसते, विद्यार्थी दाद मागेल अशी धास्ती असते आणि त्याला सुधारण्याची सोय दिसत नाही. खरे लिहिण्याची किंमत लिहिणारा आज रोख मोजतो. त्याचा लाभ मात्र पुढे कोणा दूरच्या तालुक्यातील अनोळखी रुग्णाला होतो. ज्या व्यवहारात खर्च एकाचा आणि लाभ भलत्याचाच असतो, त्यातून माल कमीच निघावा, यात आश्चर्य ते कोणते?

कचेरीत काम करणाऱ्यांना या दुखण्याची ओळख गोपनीय अहवालामुळे फार पूर्वीपासून आहे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यातील अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी ‘फार चांगला’ हवा होता. शेरा प्रतिकूल नव्हे म्हणून तो त्यांना कळवण्यात आला नाही आणि बढती मात्र गेली. प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. वैद्यकीय शिक्षणातही शब्दांचे असेच अवमूल्यन झाले आहे. शिफ्रा गिन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी कॅनडात केलेल्या अभ्यासात, अनुभवी शिक्षक ‘चांगला’ या शब्दाचा अर्थ ‘बेताचा’ असाच घेतात, असे आढळले. जुन्या वरिष्ठांना ही सांकेतिक भाषा वाचता येते. ज्याच्याविषयी ती लिहिलेली असते त्यालाच ती उमगत नाही.

मग उपयुक्त शेरा कसा असतो? छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाची विचारपूस एका निवासी डॉक्टराने केली आणि वरिष्ठांनी ती शेजारी उभे राहून ऐकली, असे समजू. त्यांनी लिहावे ते असे: ‘दुखणे केव्हा सुरू झाले, डाव्या हाताकडे जाते का, हे नीट विचारले. रुग्णाला मध्येच तोडले नाही, त्यामुळे दम लागत असल्याचे त्यानेच सांगितले. मधुमेहाविषयी विचारायचे राहिले. मधुमेह्यास हृदयविकाराचा झटका फारशा वेदनेवाचूनही येऊ शकतो. या आठवड्यात छातीच्या तक्रारीच्या प्रत्येक रुग्णाला हा प्रश्न विचारावा. शुक्रवारी त्यांपैकी एकाची हकीकत मला सांगावी.’ यात स्तुती आहे, पण ती एका विशिष्ट कृतीची आहे. उणीव आहे, पण ती माणसाच्या स्वभावाची नव्हे. आणि पुढची कृती इतकी लहान आहे की ती न करण्यास सबब उरत नाही. ‘आत्मविश्वास कमी आहे’ असे लिहिणाऱ्याने नेमके काय पाहिले, हे मात्र विचारूनही कळत नाही. खरे तर पोकळ शेऱ्याचे मूळ भाषेत नसतेच. वरिष्ठांनी ते काम होताना पाहिलेलेच नसते, आणि न पाहिलेल्या गोष्टीविषयी ‘समाधानकारक’ याखेरीज लिहिणार तरी काय?

गुण आणि शेरा एकाच कागदावर असावेत काय, हा प्रश्न शिक्षकांनीही विचारात घेण्याजोगा आहे. इस्रायलमधील शाळकरी मुलांवर रूथ बटलर यांनी केलेला प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ शेरा मिळालेल्या मुलांचे काम सुधारले; शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा तो लाभ उरला नाही. इंग्लंडने २००५ मध्ये नव्या डॉक्टरांसाठी सुरू केलेल्या पायाभूत प्रशिक्षणात प्रत्यक्ष कामाच्या मूल्यमापनाची पत्रके आणली. ती खूणपट्टी होऊन बसल्याची तक्रार झाली आणि २०१२ पासून शिकण्यासाठी केलेले निरीक्षण गुणांपासून वेगळे काढण्यात आले. अर्थात अभिप्राय म्हणजे रामबाण, असेही समजू नये. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक-तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायाने काम उलट बिघडल्याचे दिसले. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या मानापमानाकडे वळले की असे होते, अशी त्यांची मीमांसा आहे.

वेळ कोठून आणायचा, असा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. बाह्यरुग्ण विभागातील रांग दुपारपर्यंत हलत नाही, अध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, आणि निवासी डॉक्टर सलग रात्रपाळीनंतर उभ्यानेच झोपेला आलेला असतो. तोंडी सांगितलेले अशा अवस्थेत किती टिकेल? चार ओळी लिहिण्यास लागणारी पाच मिनिटे महिन्याच्या तीस बिनकामाच्या सह्यांतून सहज काढता येतील. विभागांनी सह्यांची संख्या कमी करावी आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे आठवड्यास एकच, पण डोळ्यांनी पाहिलेल्या कामाची, त्याच दिवशी लिहिलेली चिठ्ठी मागावी. ती विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. विभागाच्या दप्तरी केवळ चिठ्ठी दिल्याची तारीख राहावी. परीक्षेच्या व प्रमाणपत्राच्या निर्णयासाठी स्वतंत्र पत्रक असावे, आणि त्यावर वर्षभर चिठ्ठ्या लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या अध्यापकाची सही घ्यावी.