सहलीतील शेठजी आणि पेढीचे उघडे दार

हिवाळ्याच्या सुट्टीत गोंदिया परिसरातील अनेक व्यापारी कुटुंबे नवेगाव बांधला जातात. डोंगरांच्या कुशीतील हा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. भोवतालचे अरण्य १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून मंडळी पाण्याकाठी बसावी, एवढ्यात मुनीमजींचा फोन येतो : अमुक पार्टीची बाकी किती धरायची? जंगलात मोबाइलची रेंज क्षीण असते. म्हणून शेठजी विश्रामस्थानाच्या वायफायवर टॅब जोडतात आणि पेढीवरच्या संगणकातील टॅली उघडतात.

येथेच प्रश्न सुरू होतो. पुष्कळ पेढ्यांत ही सोय करताना संगणकवाला राउटरमध्ये एक वाट थेट इंटरनेटवर उघडून ठेवतो. ती शेठजींना दिसते, तशीच जगातील प्रत्येकाला दिसते. अशी उघडी दारे शोधणे आणि त्यांवर पासवर्डमागून पासवर्ड लावून पाहणे, हे काम यंत्रे अहोरात्र करीत असतात. दार उघडले की खतावणीच्या साऱ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. व्यापाऱ्याला विश्रामस्थानाच्या वायफायपेक्षा याचे भय अधिक वाटावयास हवे. बँकेचे ॲप आपला मजकूर मुळातच सांकेतिक रूपात पाठवते. पेढीच्या दाराला मात्र पहारेकरी नसतो.

व्हीपीएन हा तो पहारेकरी. फोन आणि पेढी यांच्यामध्ये तो एक बंदिस्त वाट तयार करतो. तिच्यातून जाणारा मजकूर मधल्या कोणालाही वाचता येत नाही आणि ज्याच्याजवळ किल्ली नाही त्याला आत प्रवेशच मिळत नाही.

परंतु ‘व्हीपीएन’ म्हटले की घरातील तरुण एखादे फुकटचे ॲप उतरवून घेतात, आणि त्याविषयी मला स्पष्ट बोलावेसे वाटते. अशा ॲपमुळे विश्वास नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या हाती जातो. वायफायवाल्याला जे दिसले असते, ते आता ॲपवाल्याला दिसते. फेसबुकच्या मालकीचे ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ हे ॲप संरक्षणाच्या नावाने दिले जात होते आणि वापरणाऱ्यांची माहिती कंपनीच्या व्यापारी उपयोगासाठी गोळा करीत होते. त्याबद्दल २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने मेटाच्या दोन कंपन्यांना एकूण २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ठेव म्हणून सोपविलेली वस्तू हडपणे याला तत्त्वार्थसूत्रात न्यासापहार म्हटले असून तो सत्याणुव्रताचा अतिचार गणला आहे. पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या ठेवी सांभाळणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

कायद्याचेही पाहू. भारतात व्हीपीएन वापरणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. मात्र प्रशासनाने बंदी घातलेल्या ठिकाणी ती पाळलीच पाहिजे. ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आदी नोंदी ५ वर्षे जपून ठेवावयाच्या आहेत. आस्थापनेने स्वतःच्या कामासाठी चालविलेल्या व्हीपीएनला हा नियम लागू नाही, असा खुलासाही त्या संस्थेने केला. व्हीपीएनच्या आडून शासनाचे निर्बंध चुकविणे हा विरुद्धराज्यातिक्रमच होय. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत त्याची गणना पूर्वीच झालेली आहे.

तेव्हा पेढीची वाट पेढीनेच बांधावी. अलीकडच्या अनेक राउटरमध्ये ‘वायरगार्ड’ची सोय असते. प्रथम इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी मागून घ्यावा. कित्येक जोडण्यांवर अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटलेला असतो आणि मग बाहेरून पेढी सापडतच नाही. राउटरच्या व्हीपीएन विभागात प्रत्येक फोनसाठी वेगळी नोंद करावी. तेथे क्यूआर कोड मिळतो. फोनवर किंवा टॅबवर प्ले स्टोअर अथवा ॲप स्टोअरमधून वायरगार्ड ॲप घ्यावे, अधिकचे चिन्ह दाबून तो कोड स्कॅन करावा, नाव द्यावे, परवानगी विचारली की ती द्यावी आणि बटण सुरू करावे. अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत किल्लीचे चिन्ह दिसते, आयफोनवर ‘व्हीपीएन’ अशी अक्षरे. हा कोड म्हणजेच किल्ली असल्याने त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नये.

निघण्यापूर्वी घरीच फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर टॅली उघडते का, ते पाहावे. नवेगावला पोहोचल्यावर संगणकवाल्याला शोधत बसण्यात अर्थ नाही. उघडले, तर राउटरमधील ती जुनी उघडी वाट त्याच दिवशी बंद करून घ्यावी. हे राहिले, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, अशी गत होते.

एखाद्या बँकेचे ॲप व्हीपीएन सुरू असताना अडले, तर तेवढ्यापुरते बटण बंद करून व्यवहार मोबाइल डेटावर करावा. खोटी लिंक दाबली किंवा ओटीपी सांगून टाकला, तर व्हीपीएन काहीही वाचवू शकत नाही. तेथे विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा.

आणि फोन हरवला किंवा मुनीमजी नोकरी सोडून गेले, तर राउटरमधून त्यांची तेवढी एक नोंद पुसावी. बाकीच्यांच्या किल्ल्या पूर्ववत चालू राहतात.